पायरी दिसली नाही

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायाचं, करंगळीशेजारचं बोट माझ्या हातून मोडलं. आज हे वाक्य मी सरळ लिहू शकते. तेव्हा पाच महिने ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही, आणि त्या पाच महिन्यांत जे झालं ते बोट मोडण्यापेक्षा वाईट होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला, उपनगर नावाच्या भागात राहायचो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. घरात माणसं तीनच: मी, नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते, माझी ड्यूटी दुपारी बाराची. नवरा पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजची मशिनरी सांभाळायचा. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की सकाळी सातला मोटारसायकलवरून निघायचा तो दिवे लागल्यावरच परत यायचा.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. छापखान्यातली नोकरी संपवून ते निवृत्त झाले होते. उंच, काटक, मोजकं बोलणारे. त्यांचं सगळं जगणं सायकलवर होतं. सकाळी नऊला जिन्याखालची सायकल काढायची आणि पुणे रोडने द्वारकेच्या चौकापर्यंत जायचं. तिथे त्यांच्या छापखान्यातल्या एका मित्राचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. दोघं समोरासमोर बसून फाटक्या पुस्तकांना टाके घालायचे, गप्पा मारायचे, चहा प्यायचे. अकराच्या सुमारास बाबा भाजी घेऊन घरी यायचे.

त्या भाजीवरून माझी रोज चिडचिड व्हायची. मी सांगितलेली भाजी ते आणत नसत. जे ताजं दिसेल ते आणत आणि भरपूर आणत. त्या दिवशी मेथीच्या चार जुड्या आणल्या होत्या. "निवडून ठेवतो मी," म्हणाले. त्यांनी निवडलेल्या मेथीत अर्धी मुळं तशीच असायची. मी काही बोलले नाही, पण भांडी जरा जोरात आपटली. त्यांना कळावं म्हणूनच आपटली.

सव्वाअकराला गॅसवाला आला आणि भरलेलं सिलिंडर दारात ठेवून गेला. बाराला मला ग्रंथालयात पोचायचं होतं, अजून साडीसुद्धा बदलली नव्हती. मी सिलिंडर तिरकं केलं आणि कडेवर फिरवत फिरवत स्वयंपाकघराकडे न्यायला लागले. बाबा खुर्चीतून उठले.

"थांब, एकटीने नको. मी धरतो."

"तुम्ही बाजूला व्हा हो! सारखं मधे मधे काय करता?"

ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी एक हात वरच्या कड्याला लावला. मी रागाने सिलिंडर माझ्याकडे ओढलं आणि तसंच सोडून दिलं. हातातून निसटलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण हातातून निसटणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं, हे हाताला माहीत असतं. सिलिंडर उभं राहिलं ते बाबांच्या अनवाणी पायावर.

ते ओरडले नाहीत. श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला फक्त. मी दोन्ही हातांनी सिलिंडर ढकललं. ते भिंत धरून खाली बसले आणि पाऊल हाताने झाकून म्हणाले, "काही नाही. काही नाही झालं."

"बघू."

"अगं काही नाही. तुला उशीर होईल."

मी पाऊल पाहिलं. बोट लाल झालं होतं आणि नखाच्या कडेने थोडं रक्त होतं. मी फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला आणि साडी बदलून कामाला निघून गेले. पाऊण तास तरी थांबता आलं असतं. रजा टाकता आली असती. समोरच्या वहिनींना हाक मारता आली असती. यातलं काहीच न करता मी रिक्षात बसले आणि रिक्षात मनाशी काय म्हणत होते तर, मी बाजूला व्हायला सांगितलं होतं.

ग्रंथालयात दुपारी वाचक कमी असायचे. मी कपाटातून प्रथमोपचाराचं एक पुस्तक काढलं आणि हाडांचं प्रकरण उघडलं. बोट काळंनिळं पडलं आहे का, जागच्या जागी वाकडं दिसतं आहे का, पाय टेकवता येतो आहे का. एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, कारण मी बघायला थांबलेच नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम आल्या तसं मी पुस्तक मिटलं. घरी फोन होता. तो फिरवावा असं चारदा वाटलं आणि चारही वेळा मी काहीतरी काम काढलं.

संध्याकाळी साडेसहाला घरी आले तर बाबा खाटेवर पाय पसरून बसले होते. चौथं बोट फुगून जांभळं झालं होतं, नख पार काळं. सूज पावलाच्या पाठीवर चढली होती. मेथी निवडून पातेल्यात ठेवलेली होती. मी विचारलं, "फार दुखतंय का?" ते म्हणाले, "ठणकतंय थोडं." एवढंच. आम्ही दोघं सकाळबद्दल एक शब्द बोललो नाही.

नवरा आला तो दारातूनच म्हणाला, "बाबा, हे काय झालं?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "जिन्यात ठेच लागली त्यांना."

का बोलले? पंधरा दिवसांपूर्वीच नवऱ्याने मला सुनावलं होतं. "बाबांशी तू ज्या आवाजात बोलतेस ना, तो मला सहन होत नाही. एक दिवस काहीतरी भलतंच होईल." मी तेव्हा कडाडून भांडले होते, आणि आता ते भलतं समोर खाटेवर पसरलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्याने म्हणावं तर तसंही नाही. मी काय म्हणाले ते नीट ऐकू आलं का याची खात्री करून घ्यावी, तसं पाहिलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "हो. पायरी दिसली नाही."

माझं खोटं उभं राहावं म्हणून त्यांनी त्याला स्वतःकडचा टेकू दिला. त्या टेकूचं पुढे काय होणार आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा घेतली, मीही घेतली, आणि आम्ही त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. बोटाच्या टोकाच्या हाडाला तडे गेले होते, बिस्किट चेपल्यावर जातात तसे. डॉक्टर वयस्क होते, शांत होते. त्यांनी विचारलं, "कसं लागलं?"

"जिन्यात ठेच लागली," नवरा म्हणाला.

"ठेचेने हाड असं चेपत नाही सहसा. वरून काही पडलं होतं का, आजोबा? वरवंटा, बादली, असं काही?"

मी टेबलाच्या कडेला धरून उभी होते. आता बाबा बोलतील असं वाटलं. खरं सांगायचं तर बोलावं असंही वाटलं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

"नाही," बाबा म्हणाले. "पायरीच."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. त्यांनी सुईचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर लाल केलं आणि काळ्या नखाला भोक पाडलं. साचलेलं रक्त भसकन बाहेर आलं, तसा बाबांचा चेहरा सैल झाला. म्हणजे रात्रभर ते किती दुखणं गिळून बसले होते, ते मला तेव्हा कळलं.

"याला प्लास्टर लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "शेजारचं धड बोट हीच याची फळी. घरी पट्टी कोण करणार?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मला करून दाखवलं. दोन बोटांच्या मधे कापूस ठेवायचा, नाहीतर घामाने कातडी सडते. मग दोन्ही बोटं मिळून चिकटपट्टी गुंडाळायची, पण मोडलेल्या जागेवर नाही, तिच्या खाली आणि वर. ओढून बांधायची नाही. बांधून झालं की शेजारच्या बोटाचं नख दाबून सोडायचं. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं तर पट्टी बरोबर, नाही झालं तर सोडून पुन्हा बांधायची. पाय उशीवर उंच ठेवायचा. चालायचं ते कडक तळाची चप्पल घालून, टाचेवर भार देऊन. पाच-सहा आठवडे.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा खुर्चीत बसायचे, पुढे स्टूल, स्टुलावर वर्तमानपत्र आणि त्यावर त्यांचा पाय. मी येण्याआधी तो पाय त्यांनी स्वतः साबणाने घासून धुतलेला असायचा, नखं कापलेली असायची. सुनेने पाय हातात घ्यायचा याची त्यांना भयंकर लाज वाटायची. पट्टी होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसायचे. लाज खरं तर कुणाला वाटायला हवी होती!

"घट्ट नाही ना झाली?"

"नाही. छान झाली."

कापूस ठेवताना माझं बोट चुकून दुखऱ्या जागी लागायचं आणि त्यांच्या पायाची शीर ताठ व्हायची, पण तोंडातून हूं नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी..."

"आज कापूस थोडा कमी घाल," ते म्हणाले. "काल चालताना बोचत होता."

मी कापूस कमी घातला. त्यांनी मला वाचवलं असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, ऐकण्याची तयारी नसेल त्यांची. किंवा मी अर्ध्या तोंडाने बोलते आहे हे त्यांना कळलं असेल.

दोनेक आठवडे गेले. एका रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "बाबा, मी सायकलचा विचार करतोय."

"कसला विचार?"

"तुम्हाला आता नीट दिसत नाही. रोजची पायरी दिसली नाही, तर द्वारकेच्या चौकात ट्रक दिसणार आहे का? त्या हायवेवर मी रोज काय काय बघतो ते मला माहीत आहे. सायकल बंद."

"अरे, डोळे ठीक आहेत माझे."

"मग ठेच कशी लागली?"

बाबांच्या ताटात भात तसाच होता. मी पळी हातात घेऊन उभी होते. त्या क्षणी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, "आमटी वाढू का?"

सायकल नवऱ्याने कोल्ड स्टोरेजमधल्या एका कामगाराला देऊन टाकली. तो सुरगाण्याकडचा, हंगामापुरता कामाला येणारा. पिंपळगावहून नाशिकला माल टाकून परत जाणारा एक टेम्पो तिला न्यायला आला. बाबा लंगडत जिना उतरले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "आडवी टाकू नको, पॅडल वाकेल." मग त्यांनी स्वतःच्या रुमालाने सीट पुसली. मी वर गॅलरीत कठड्याला धरून उभी होते. मला तिथून ओरडून सांगता आलं असतं. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत सांगता आलं असतं.

सहा आठवड्यांनी पट्टी सुटली. बोट जुळलं, जरा आत वळून जुळलं. चालताना त्रास उरला नाही. पण बाबा आता कुठे जात नव्हते. रिक्षा त्यांना उधळपट्टी वाटायची, आणि बसची सवय त्यांना आयुष्यात कधी लागलीच नव्हती. भाजी कोपऱ्यावरून आणत, मी सांगेन तीच आणि सांगेन तेवढीच. बाइंडिंगवाल्या मित्राचा दोनदा फोन आला. "पाय अजून कुरकुरतोय," असं त्यांनी त्याला सांगितलं. मग फोनही येईना. दुपारी मी कामाला निघाले की ते खिडकीशी बसलेले असत आणि संध्याकाळी आले की तिथेच असत. घर शांत झालं होतं. मला हवं होतं तसं.

जुलैमध्ये नवरा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आला तो बुचकळ्यात पडलेला. "मोतीबिंदू नाही, काही नाही. चष्म्याचा नंबरसुद्धा तोच आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे कमी बघायला मिळतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग पायरी कशी दिसली नाही गं?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. जिन्यातला दिवा गेला असेल, हे ते उत्तर. ते ओठांपर्यंत आलं आणि मला माझीच किळस आली. सकाळी अकराला आमच्या जिन्यात लख्ख ऊन येतं.

"अहो, ते जिन्यात पडले नाहीत," मी म्हणाले. "माझ्या हातून सिलिंडर त्यांच्या पायावर पडलं. मी चिडले होते. त्यांना तसंच सोडून मी कामाला गेले."

मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत होते. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आणि मी सायकल देऊन टाकली." मग गॅलरीत गेला. बाबा तिथे कपडे वाळत घालत होते. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही तरी बोलायचं होतं, बाबा."

"काय बोलणार? ती आधीच बोलून बसली होती."

"सायकल जात होती तेव्हा?"

"तेव्हा बोललो असतो तर तू तिला घरात राहू दिलं नसतंस. फार गरम डोक्याचा आहेस तू." थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "चिमटे दे ते."

नवरा माझ्याशी चार दिवस बोलला नाही, आणि ते मला बरोबर वाटलं. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सायकल परत मागू या." पण तो कामगार हंगाम संपताच गावी गेला होता. पुढच्या हंगामात आला तेव्हा नवऱ्याने चाचरत विचारलं. तो म्हणाला, "पोरगी शाळंत जाते ना तिच्यावर, साहेब. लय लांब शाळा. पण तुम्हाला पायजे तर आणून देतो." नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदाच माझ्यासमोर चिडले. "खबरदार तिच्याकडून परत आणलीस तर!" नवी घेण्याची गोष्ट काढली तर म्हणाले, "आता मोडली सवय." खरंच मोडली होती, की आमच्याकडून काही घ्यायचं नव्हतं, ते मला कधी कळलं नाही.

त्यांची माफी मी मागितली होती, नवऱ्याला सांगितलं त्याच संध्याकाळी. ते म्हणाले, "बरं." मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं विसरून जा. तसं काही ते म्हणाले नाहीत. तेवढा मोठेपणा अपेक्षिणं हीसुद्धा माझी लबाडीच होती.

सायकलचा विषय असा मिटल्यानंतर एका सुटीच्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "बाबा, द्वारकेला जाऊ या. बसने. मी येते." ते नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि माझ्याआधी दाराशी जाऊन उभे राहिले. बसमध्ये खिडकीजवळ बसून ते स्टॉप मोजत होते. कुठे चढायचं, कुठे उतरायचं, हे त्यांनी कंडक्टरला दोनदा विचारून घेतलं.

बाइंडिंगवाले काका खळीच्या वासात, पुठ्ठ्यांच्या ढिगात बसले होते. बाबांना पाहून ते उठलेसुद्धा नाहीत, इतका राग होता त्यांना.

"वर्ष होत आलं. मेलास की काय वाटलं मला. काय झालं काय तुला?"

बाबा चपला काढत होते, सावकाश, एकेक करून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण ते थांबले आहेत हे मला कळलं. नवऱ्याला सांगणं सोपं होतं, तो घरचा होता. या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होते.

"काका, माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. सिलिंडर, ग्रंथालय, ठेच, डोळे, सायकल. दुकानात एक गिऱ्हाईक वही घेऊन उभं होतं, तेही ऐकत राहिलं. माझा आवाज मधेच फुटला तरी कुणी मला थांबवलं नाही.

काका मला आवडलेले नव्हते आणि मी त्यांना आवडलेली नव्हते, हे स्पष्ट होतं. मग ते बाबांना म्हणाले, "बस. दोन टाके तरी घाल, हात गंजला असेल."

बाबा मांडी घालून बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. पहिल्याच झटक्यात ओवला गेला. दोनएक तासांनी मी निघायला उठले, तर ते मान वर न करता म्हणाले, "तू जा पुढे. मी बसने येईन."

"येता येईल ना?"

"उपनगरचा स्टॉप इथून आठवा आहे," ते म्हणाले.

मी द्वारकेच्या चौकात उभी राहून रस्ता ओलांडायची संधी शोधत होते. एकामागून एक ट्रक जात होते आणि मला बराच वेळ पलीकडे जाता आलं नाही.